आडबंदरचे दोन ठराव

आडबंदर, ता. देवगड
४ ऑक्टोबर १९६४

चि. गुरुदास यास वहिनीचे आशीर्वाद.

चतुर्थीला येऊन गेलास, मोदक खाल्लेस, परत गेल्यावर एक कार्ड टाकायचं मात्र विसरलास. तेव्हा रागवायचं राखून ठेवते आणि आधी कामाचं लिहिते.

पंचायतीत बायकांच्या जागेवर मला घेतलं हे तुला ठाऊकच आहे. सरपंच गंगारामशेठना वाटलं होतं, दाजी तांडेलाची बायको, सातवी शिकलेली असली तरी सही करील आणि चहा पिऊन घरी जाईल. पहिलं वर्षभर त्यांनी आम्हा पंचांना पिंगुळीच्या बाहुल्यांसारखं नाचवलंही. पण माझं माहेरच पिंगुळीचं. दोरी कुणाच्या हातात आहे ते मला बसल्या जागेवरून दिसतं.

आता खरी गोष्ट, चतुर्थीच्या गडबडीत बोलायची राहिली ती. या किनाऱ्यावरच्या काही मोजक्या बंदरांसाठी दिल्लीहून पैसे यायचे आहेत. नुसत्या बंदरासाठी नाहीत. आगबोट लागेल असा धक्का, धक्क्यावरच एस.टी.चा थांबा आणि तिथून वरचा कातळाचा सडा चढून तळेऱ्याच्या रस्त्याला मिळणारी पक्की सडक, अशी तिन्ही कामं एकत्र व्हायची आहेत. त्या यादीत आपलं आडबंदर आहे. अट एवढीच की गावाने एकमुखाने ठराव करून पाठिंबा द्यायचा आणि जागा फुकट द्यायची. मार्चअखेरपर्यंत दोन्ही गोष्टी वर पोचल्या नाहीत तर पैसे दुसऱ्या बंदराला जातील.

धक्क्याला हवी आहे ती जागा म्हणजे किनाऱ्यावरचं आपलं खळं, जिथे पावसाळ्यात पडाव ओढून ठेवतात. ते तुम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. संमतीचा कागद सोबत पाठवते. तू सही करून पाठव, मग तुझे दादा अंगठा करतील.

इथे काय हाल होतात ते तुला सांगायला नको, पण मुंबईत राहून माणूस विसरतो म्हणून सांगते. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते. तिथपर्यंत तुझ्या दादांच्या पडावातून जायचं, आणि पडावात चढायचं तर बायकांना गड्यांच्या खांद्यावरून, भाताच्या गोणीसारखं. आंब्याच्या पेट्याही तशाच जातात, निम्म्या भिजून. एस.टी. सड्यावर थांबते, तिथून खाली पायवाट. पावसात आगबोट बंद, पायवाट वाहून गेलेली, गावाला जणू कुलूप. गेल्या आषाढात हौसाबाईची सून अडली. तिला डोलीतून सड्यावर नेलं, वाटेतच मूल गेलं. हौसाबाई पंचायतीत माझ्या शेजारी बसते. ती फारसं बोलत नाही, पण धक्क्याचा विषय निघाला की पहिला हात तिचा वर होतो.

तुझ्या दादांना चतुर्थीआधीच सांगितलं. ते पडावाच्या फळ्यांत कापूस भरत होते. मान हलवली आणि परत कामाला लागले. त्यांचं बोलणं तुला माहीत आहे, मान हलली म्हणजे होकार. तेव्हा उलट टपाली सही पाठव.

तुझी,
वहिनी


लालबाग, मुंबई
२१ ऑक्टोबर १९६४

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस गुरुदासचा साष्टांग नमस्कार.

कार्ड न टाकल्याबद्दल कान पकडतो. गोदीत कामाचा रेटा आहे, शिवाय संध्याकाळी आपल्या आडबंदर ग्रामस्थ मंडळाच्या खोलीवर जावं लागतं. यंदा मंडळाचा चिटणीस मलाच केलंय. म्हणजे भांडणं मिटवायची, वर्गणीसाठी दारोदार फिरायचं आणि शिव्याही आपणच खायच्या.

तुमचं पत्र मंडळाच्या बैठकीत वाचलं. तुमच्या अक्षराचं सर्वांनी कौतुक केलं. पण वहिनी, इथल्या मंडळींचं म्हणणं निराळं आहे. इथून रूळ पनवेलकडे निघालेत. आज पनवेल, उद्या रोहे, परवा रत्नागिरी, मग आपण. रेल्वे यायची असताना धक्क्यात पैसे घालायचे म्हणजे लग्न ठरल्यावर मुंजीचा घाट घालण्यासारखं आहे. म्हणून मंडळाने मागच्या महिन्यातच ठराव केला की आडबंदरच्या लोकांना धक्का नको, आधी रेल्वे हवी. तो ठराव वरती गेलाही आहे.

तेव्हा सहीची घाई करू नये असं मला वाटतं. खळं कुठे पळून जात नाही. दादांना काही सांगू नका, उगाच त्यांच्या डोक्याला ताप. त्यांची तब्येत कशी आहे? पडावाचं काम कसं चाललंय?

आपला,
गुरुदास


आडबंदर
४ नोव्हेंबर १९६४

गुरुदास,

आशीर्वाद दे म्हटलं तरी आज हात वर होत नाही.

तुझा तो ठराव आम्हाला तुझ्या पत्रातून कळायच्या आधी धक्क्याचं काम बघणाऱ्या रत्नागिरीच्या इंजिनियरसाहेबांकडून कळला. ते दिवाळीआधी जागा बघायला आले. गंगारामशेठनी हार घातला, मी आमचा ठराव पुढे ठेवला. साहेबांनी बॅगेतून दुसरा काढला. एकावर आडबंदर ग्रामपंचायत, धक्का हवा. दुसऱ्यावर आडबंदर ग्रामस्थ मंडळ, धक्का नको. साहेब सज्जन माणूस, हसले नाहीत. म्हणाले, बाई, आधी तुमचं गाव कुठलं ते ठरवा, इथलं की मुंबईतलं. दोन ठरावांवर आमच्याकडे काम होत नाही.

सभेत मान खाली घालायची वेळ आली. गावात चूल आम्ही पेटवायची, आणि गाव कोण तर तुम्ही, वर्षातून चतुर्थी आणि शिमग्याला येणारे. त्यातून रेल्वेची गोष्ट! अरे, पनवेलचे रूळ दाखवून आडबंदरच्या माणसाला थांबवायचं, ही बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. रेल्वे यावी असं मलाही वाटतं. पण ती आली तरी सड्याच्या पलीकडून कुठून तरी जाणार. तिथपर्यंत आम्ही कसे जाणार? याच सडकेने. आणि सडक धक्क्याशिवाय मिळत नाही, कारण पैसे तिन्ही एकत्र जोडण्याचे आहेत, एकट्या रस्त्याचे नाहीत. आगबोट, एस.टी. आणि रेल्वे या सवती नव्हेत रे. एकीने माणूस उतरवायचा आणि दुसरीने उचलायचा, इतकं सोपं आहे ते.

तू इतका अडाणी नाहीस. गोदीत जहाजातला माल मालगाडीत चढताना तू रोज बघतोस. तरी तुझी सही येत नाही, याचा अर्थ मला लागत नाही. की खळ्याची किंमत येईल म्हणून कुणी कान भरलेत? तसं असेल तर सरळ लिही, मी तुझ्या वाट्याचं काय ते बघते. पण एक सांगून ठेवते, हा धक्का झाला पाहिजे. मी हौसाबाईला तोंड दाखवते ते याच भरवशावर.

दादा बरे आहेत. पडाव नेमाने आगबोटीला जातो. तुझं नाव काढलं की उठून बाहेर जातात. तुझ्यावर रागावले असावेत आणि मला सांगत नसावेत.

वहिनी


लालबाग
१९ नोव्हेंबर १९६४

तीर्थस्वरूप वहिनी,

तुम्ही मला लहानपणी अंघोळ घातली, आजारात उशाशी बसलात. त्या तुम्ही मला पैशाचा लोभी म्हणालात, ते चार दिवस पोटात राहिलं. पण तुमचा काही दोष नाही. मी खोटं कारण दिलं की तुम्ही खरं समजून वेडंवाकडं शोधणारच.

रेल्वेचं कारण खोटं नाही, पण माझं नाही. मंडळात दहा जण रेल्वे म्हणत होते, मी त्यांच्या आड उभा राहिलो. मी सही करू शकत नाही. का, ते सांगू शकत नाही. मला बांधून घातलंय आणि ती गाठ माझ्या हाताने सुटणारी नाही.

दादा माझ्यावर रागावलेले नाहीत. हे एवढं मी खात्रीने सांगतो. त्यावरून तुम्हाला काय समजायचं ते समजा. मला याहून जास्त विचारू नका, उत्तर तुमच्याच घरात आहे.

गुरुदास


आडबंदर
८ जानेवारी १९६५

प्रिय गुरुदास,

तुझं पत्र आलं त्याला दीड महिना झाला. मी लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं हाती काही नव्हतं. तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद घडी घालून ठेवला. काही दिवस मी यांच्याकडे नुसती बघत राहिले. हे माझ्याकडे बघत नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकाच घरात राहून दोन घरांसारखे आम्ही पहिल्यांदाच वागलो.

शेवटी संक्रांतीच्या तयारीला मी तीळ निवडत बसले होते, हे ओसरीवर दोर वळत होते. मी सरळ विचारलं, गुरुदासाला बांधून तुम्ही घातलंत का? दोर खाली ठेवला आणि हो म्हणाले. चतुर्थीनंतर तुला आगबोटीवर घालायला पडाव घेऊन गेले तेव्हा, समुद्रात, तुला रवळनाथाची आण घातली, धक्क्याला सही द्यायची नाही. मला का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणाले, तू ऐकली नसतीस. ते खरं आहे. मी ऐकलं नसतं.

मला आधी संताप आला. वाटलं, मान हलवून माझी फसवणूक केली. वाटलं, पडाव हाकणाऱ्या तांडेलाचा अभिमान, पडाव गेला तर मान जाईल म्हणून सगळं. ते बोलूनही दाखवलं. तेव्हा हे जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण तू ऐकलं आहेस, पण मी पहिल्यांदा ऐकत होते.

"माझां मी बघतलंय गो. मासे मारीन, खंयच्याय जहाजावर जाईन. पण पडावार आठ माणसां आसत. बाबलीची तीन चेडवां, थयसर एक विधवा भयण. बोट धक्क्याक लागली की ह्या आठ घरांची चूल इजतली. तुका आंब्याच्यो पेट्यो दिसल्यो, हौसाबायची सून दिसली, बाबलीचां घर दिसूक नाय."

गुरुदास, मी उठून ठरावाची माझी प्रत काढली आणि पुन्हा वाचली. त्यात बाबलीच्या घराची एक ओळसुद्धा नव्हती. कारण खरंच दिसलं नव्हतं. बाबली मला खांद्यावरून पडावात चढवतो, गेली कित्येक वर्षं चढवतो, आणि ठरावात मी लिहिलं होतं की ही हालाची पद्धत बंद व्हावी. बाबलीचं आणि त्याच्या तीन मुलींचं पोट त्याच पद्धतीवर होतं.

दोन दिवस मी ठरावाचा कागद फडताळात ठेवून दिला. यांना वाटलं, मी हरले. तिसऱ्या दिवशी मी जेवण वाढता वाढता म्हटलं, धक्का हवा हे खरं, आठ घरं जगली पाहिजेत हेही खरं. दोन्हीपैकी एक निवडा असं कुणी सांगितलं? धक्क्याला आगबोट लागली तरी दोर धरायला माणसं लागतीलच. आंब्याच्या पेट्या एस.टी.च्या टपावर कोण चढवणार, इंजिनियरसाहेब? धक्क्याचे चिरे समुद्रातून कशाने आणणार, पडावानेच ना? मग हे सगळं काम पहिल्यांदा पडाववाल्यांना मिळेल, असं कलम ठरावातच घालूया. पाठिंबा द्यायचाच, पण आमच्या तोंडाने.

यांनी ताटातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाले, कलम घातलं तर आण सोडीन, पण घरात नाही. रवळनाथाची आण रवळनाथासमोरच सुटते, शिमग्याला सगळ्या गावादेखत देवाला गाऱ्हाणं घालून. आणि आठही जण तिथे उभे पाहिजेत.

आता मी कलम लिहिते. तुझं काम तुला कळलं असेल. मंडळाचा तो ठराव मागे घे.

तुझी वहिनी (आशीर्वाद यावेळी मनापासून आहेत)


लालबाग
३० जानेवारी १९६५

तीर्थस्वरूप वहिनी,

तुमचं पत्र गोदीत, माल उतरत असताना वाचलं. नंतर तासभर चुकीच्या मालावर चुकीची चिठ्ठी लावत होतो. साहेबाने ओरडून विचारलं, घरी कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही साहेब, घरी कुणी तरी परत आलं.

चार महिने मी दादांची आण खिशात घेऊन फिरत होतो. तुम्ही लोभी म्हणालात तेव्हा वाटलं, सांगून टाकावं. पण आगबोटीच्या शिडीखाली लाटेवर पडाव वरखाली होत होता, दादांनी एका हाताने मला धरलं होतं आणि आण घालत होते. तसा हात धरून घातलेली आण मोडता येत नाही.

मंडळाची बैठक रविवारी झाली. काय सांगू! निम्म्या लोकांना वाटलं, चिटणीस पंचायतीला विकला गेला. एकाने उभं राहून विचारलं, गाव म्हणजे कोण? मी म्हटलं, चुलीपाशी बसलेला तो गाव, आपण मनीऑर्डर करतो ते गावाचे नातेवाईक. त्यावर फार आरडाओरडा झाला. पण मी तुमचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं, आगबोट, एस.टी. आणि रेल्वे या सवती नव्हेत. ते मात्र सर्वांना पटलं, कारण सवतींचा अनुभव मंडळात एक-दोघांना आहे.

शेवटी असं ठरलं: मंडळ आपला ठराव मागे घेतं आणि पंचायतीच्या ठरावाला पाठिंबा देतं. मंडळाची एकच विनंती आहे. पुढे रेल्वे आली तर स्टेशनपासून याच सडकेला जोडमार्ग मिळावा, एवढी ओळ तुमच्या ठरावात घाला. मंडळातल्या रेल्वेवाल्यांची अब्रू राहील.

शिमग्याला मला रजा नाही. मागितली, साहेबाने मान हलवली. आमच्या साहेबाची मान हलली म्हणजे नकार. गाऱ्हाण्याला मी नसेन. मी समोर नसताना आण सुटते का, दादांना विचारून कळवा. सही करून ठेवली आहे, पण सुटल्याचं कळल्याशिवाय पाठवणार नाही.

गुरुदास


आडबंदर
२२ मार्च १९६५

चि. गुरुदास,

सुटली. सही पाठव. बाकीचं नंतर वाच, आधी टपालात टाकून ये.

टाकलीस? आता सांगते.

आण ज्याला घातली तो नसला तरी चालतं, ज्याने घातली तो समोर हवा, असं गुरवाने सांगितलं. शिमग्याची पालखी देवळात परतल्यावर सगळा गाव सभामंडपात होता. गंगारामशेठ रेशमी सदरा घालून पुढे. आठही खलाशी एका बाजूला उभे, बाबली सर्वांत पुढे. हौसाबाई आणि मी बायकांत. ग्रामसेवकाने ठराव वाचला, धक्का, सडक, थांबा, रेल्वेचा जोडमार्ग, आणि मग कलम: आजवर पडावावर राबलेल्या माणसांना धक्क्यावरच्या कामाचा पहिला हक्क राहील. गंगारामशेठनी मध्येच विचारलं, अशा अटी घातल्या तर वरचे रागावणार नाहीत ना? मी म्हटलं, रागावतील तर रागावतील, पाठिंबा म्हणजे पाय धरणं नव्हे. सभामंडपात बोलायची बाईची पद्धत नाही. मला ते बोलून झाल्यावर आठवलं.

मग गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं आणि यांना पुढे बोलावलं. यांच्या हातात नारळ होता. बोलायला उभे राहिले आणि नारळ दोन्ही हातांनी पुढे धरला. मग म्हणाले:

"बा देवा रवळनाथा, माझ्या भावाक तुझी आण घातलंय. भावार राग नव्हतो, गावार राग नव्हतो. ह्या आठ माणसांची काळजी होती. आता ती काळजी गावान आपल्या डोक्यार घेतली आसा. म्हणान आण सोडतंय. सुटली."

सगळा गाव एकदम "व्हय म्हाराजा" म्हणाला. नारळ फोडला. बाबली डोळे पुसत होता आणि धूप डोळ्यांत गेला म्हणत होता. धूप त्या बाजूला नव्हताच.

बाहेर आल्यावर दादांनी ठरावावर अंगठा केला. आठ जणांनीही केला. कागदावर जागा नव्हती तरी केला. गावात कुणाचा अंगठा राहिला नाही. दोन ठरावांचा एक ठराव झाला आणि मार्च संपायला आठवडा असतानाच देवगडला गेला.

तुझी वहिनी


लालबाग
२ एप्रिल १९६५

तीर्थस्वरूप वहिनी,

तुमच्या हुकमाप्रमाणे पत्र अर्धं वाचून टपालपेटी गाठली, मग उरलेलं फुटपाथवर उभं राहून वाचलं. लोक बघत होते. बघू देत.

सही पंचवीस तारखेलाच टाकली, वेळेत पोचली असेल. मंडळाने पेढे वाटले. ज्या माणसाने मला विकला गेला म्हटलं होतं, त्याने दोन खाल्ले.

दादांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी आण सोडली हे बरं झालं, पण त्याहून बरं वाटलं ते तुम्ही दोघं परत एका घरात राहायला लागलात याचं.

गुरुदास


रत्नागिरी
१५ मे १९६५

चि. गुरुदास,

पत्ता बघून दचकला असशील. सांगते.

मे महिन्याच्या सुरुवातीला वरून मंजुरी आली. धक्का मंजूर, सडक मंजूर, एस.टी.चा थांबा मंजूर, रेल्वेच्या जोडमार्गाचा पुढे विचार होईल. गंगारामशेठनी फटाके लावले. हौसाबाई माझा हात धरून नुसती बसून राहिली. मग ग्रामसेवकाने शेवटची ओळ वाचली: पडावावरील कामगारांविषयीची अट योजनेच्या चौकटीत बसत नसल्याने विचारात घेता येत नाही.

मला वाटलं, मी बाबलीला देवासमोर फसवलं. यांनी आण सोडली ती या कलमावर, आणि कलमच गेलं. माझे पाय घराकडे वळेनात. घरी आले तर हे अंगणात शीड शिवत बसले होते. त्यांना बातमी आधीच कळली होती. मी म्हटलं, तुम्ही आण परत घातलीत तरी मी काही म्हणणार नाही. सही परत मागवू.

हे शीड बाजूला करून उभे राहिले.

"सोडलेली आण परत घालूची नसता. धक्को होवंदे. पण कलम आमचां आसा, तां आणूक आपण जाऊया. दोघांय."

त्यांनी पंचायतीच्या बोलावण्याची वाट बघितली नाही, पंचांना स्वतः गोळा केलं. मी अर्ज लिहिला, पंचांनी एका बैठकीत सह्या केल्या, यावेळी पहिली सही गंगारामशेठांची. मग आगबोटीचा दिवस उजाडला. पडाव नेहमीसारखा निघाला, पण सुकाणूवर बाबली होता. आगबोटीच्या शिडीपाशी पोचल्यावर माझा हात धरून हे वर चढू लागले, तेव्हा खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. आयुष्यभर माणसं त्या शिडीपर्यंत पोचवली, गाठोडी वर दिली, पोरं वर दिली, पण तिकीट काढून हे कधी शिडी चढले नव्हते. वर आल्यावर कठड्याला धरून खाली पडावाकडे बघत राहिले. बाबलीने हात केला. यांनी केला नाही, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता.

इथे त्याच इंजिनियरसाहेबांना भेटलो. सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. दादांनी त्यांना शांतपणे विचारलं, साहेब, योजनेची चौकट कुणी केली? साहेब म्हणाले, पैसे दिल्लीचे, पण चौकट मुंबईने केली. दादा म्हणाले, मगे आमी मुंबयक जातंव. साहेब म्हणाले, खरं सांगू, हे कलम माझ्या हातात असतं तर मी ठेवलं असतं. त्यांनी अर्जावर आपली शिफारस लिहून दिली. माझ्या समोर लिहिली, मी वाचली, बरी लिहिली आहे.

तेव्हा आम्ही मुंबईला येत आहोत. वीस तारखेच्या आगबोटीने निघतो, एकवीसला सकाळी भाऊच्या धक्क्यावर. मला ठाऊक आहे, तुझ्या एका खोलीत तीन बिऱ्हाडं आहेत. आम्ही दाराबाहेर निजू, पण काम झाल्याशिवाय परत जाणार नाही. पावसाळा तोंडावर आहे, आगबोटी बंद होतील हेही ठाऊक आहे. झाल्या तर झाल्या.

हे शेजारी बसले आहेत आणि तुला एक निरोप लिही म्हणतात. त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"गुरू, एकटो येव नको. मंडळाची सगळी माणसां घेवन ये, रेल्वेवाले आसत तेंका पण. कचेरीत आमी आत गेल्यार ते विचारतले, तुमचा गाव खंयचा. तेव्हा एकानच बोलूचां नाय, सगळ्यांनी एकदम बोलूचां."

वहिनी